पत्ते टाकून दिल्यावरही गप्प का बसायचं?

प्रश्न : आमच्या घरी दिवाळीला तीन पत्ती ठरलेली. काका-काकू, आत्या, मामेभाऊ, सगळे बसतात. रुपया-दोन रुपये लावतो आणि पहाटेपर्यंत नुसता गलका चालतो. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकरच्या कॅश गेममध्ये पहिल्यांदाच बसलो. पोकर मोबाइलवर शिकलो होतो, त्यामुळे खेळायचं कसं ते माहीत होतं. एका डावात मला सत्ती आणि दुर्री आली. सुरुवातीला हातात येणाऱ्या पत्त्यांत ही जोडी सगळ्यात वाईट समजतात, म्हणून लगेच फोल्ड केलं. मग डीलरने मधले तीन पत्ते उघडले : राजा, सत्ती, सत्ती! माझ्या तोंडून 'अरेरे, काय हे नशीब!' निघून गेलं, कपाळावर हातही मारला. टेबल एकदम गप्प झालं. एक गृहस्थ माझ्याकडे रोखून बघत राहिले आणि डीलर म्हणाला, 'सर, डाव संपेपर्यंत प्लीज काही बोलू नका.' मी तर केव्हाच डावाबाहेर पडलो होतो. संधी माझी हुकली, हळहळलोही मीच. यात दुसऱ्या कुणाचं काय बिघडलं? आणि न सांगितलेल्या अशा किती गोष्टी या टेबलावर पाळायच्या असतात?
एक वाचक, सांगली

उत्तर : बिघडलं, आणि ज्याचं बिघडलं त्याला त्यापायी पैसे मोजावे लागले असण्याची बरीच शक्यता आहे. तुमच्या मनात काही वाकडं नव्हतं हे पत्रावरून दिसतंच. पण तुमचाच डाव जरा उलगडून पाहू, म्हणजे ते गृहस्थ का रागावले हे लक्षात येईल.

समजा, तुम्ही बाहेर पडल्यावर डावात दोघेच उरले. पहिल्याच्या हातात राजा आणि राणी आहे. टेबलावर राजा आल्यामुळे त्याची राजांची जोडी झाली. त्याला मुख्य धास्ती एका गोष्टीची : समोरच्याकडे सत्ती तर नसेल? ती असली तर समोरच्याच्या तीन सत्त्या होतात आणि हा हरतो. दुसऱ्याच्या हातात प्रत्यक्षात काहीच नाही. पण तो संध्याकाळपासून मोजकेच डाव खेळलाय, सगळ्यांना तो सावध खेळाडू वाटतो. आता तो मोठी रक्कम लावून आपल्याकडे सत्ती असल्याचा आव आणणार आहे. पोकरमध्ये ही लबाडी मानत नाहीत. हा खेळाचा गाभाच आहे.

आता आकडे बघा. पहिल्या खेळाडूला स्वतःचे दोन आणि मधले तीन असे पाच पत्ते दिसतात. न दिसणारे 47, आणि त्यांत दोन सत्त्या. समोरच्याच्या दोन पत्त्यांत निदान एक सत्ती असण्याची शक्यता निव्वळ गणिताने सुमारे 8.4 टक्के येते. तुम्ही कपाळावर हात मारला आणि एक सत्ती तुम्ही टाकून दिली आहे हे सगळ्या टेबलाला कळलं. आता अंदाज करायचे पत्ते उरले 46 आणि सत्ती उरली एकच. शक्यता आली सुमारे 4.3 टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. राजा-राणीवाला निर्धास्त होऊन कॉल म्हणतो, म्हणजे तेवढीच रक्कम लावतो, आणि दुसऱ्याने संध्याकाळभर धीराने उभी केलेली चाल फुकट जाते. तुम्हाला रोखून बघणारे गृहस्थ बहुधा तेच असावेत.

पोकरमध्ये एक मूळ नियम आहे : एका हातावर एकच माणूस. स्वतःचे पत्ते स्वतः बघायचे, स्वतःच ठरवायचं, कुणाला विचारायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. फोल्ड केलेला माणूस डावात नसला तरी त्याच्या डोक्यात दोन पत्त्यांची माहिती असते आणि डाव संपेपर्यंत ती त्याने स्वतःपाशीच ठेवायची असते. 'मी राणी टाकली होती', 'फ्लश लागलेला दिसतोय', 'कॉल कर, त्याच्याकडे काही नाही' ही सगळी वाक्यं डाव संपल्यावर बोलायची. आनंदाने उसळणं, जीभ चावणं, शेजाऱ्याला कोपराने ढोसणं हेही त्यातच आलं. इतकंच काय, फोल्ड करताना पत्ते उघडे टाकले किंवा शेजाऱ्याला हळूच दाखवले, तर डीलर ते डावाअखेर सगळ्यांना दाखवायला लावू शकतो. एकाने पाहिलं तर सगळ्यांनी पाहायचं.

घरची तीन पत्ती हे शिकवत नाही. तिथे पॅक केलेला माणूस शेजाऱ्याच्या पत्त्यांत डोकावतो, 'चाल टाक, घाबरतोस काय' म्हणतो. साइड शोमध्ये दोघं आपसांत पत्ते बघून घेतात आणि बाकीच्यांना काहीच कळत नाही. रुपया-दोन रुपयांच्या खेळात, घरच्याच माणसांत, ती मजा आहे. मोबाइलही हे शिकवत नाही. तिथे पाळी आल्याशिवाय बटण चालत नाही, रक्कम चुकायची सोय नसते आणि तुमची हळहळ तुमच्या खोलीतच राहते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याआधी पडद्यावर पोकर शिकलेल्यांना समोरासमोरच्या टेबलावर पहिल्या दिवशी हीच अडचण येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, न सांगितलेल्या गोष्टींचा. वरवर बघता त्या पन्नास दिसतील, पण मुळाशी दोनच गोष्टी आहेत. एक : माहिती सगळ्यांना सारखी आणि एकाच वेळी मिळाली पाहिजे. दोन : हरणाऱ्याचा अपमान होता कामा नये. पहिली बरीचशी नियमपुस्तकांत लिहिलेली असते आणि डीलर ती पाळून घेतो. दुसरी कुणी पाळून घेऊ शकत नाही, ती ज्याची त्याने पाळायची असते. माझ्या लेखी दुसरी जास्त मोलाची आहे.

हे आलं कुठून, तेही थोडक्यात सांगतो. पोकर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला रुजला आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून पसरला. आज गोव्यात खेळतात तो टेक्सास होल्डेम हा प्रकार टेक्सासमधला. तिथल्या विधिमंडळाने 2007 मध्ये रॉब्सटाउन या गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. डॉयल ब्रन्सन, अमॅरिलो स्लिम यांच्यासारखे खेळाडू लास वेगासला स्थिरावण्याआधी टेक्सासमध्ये गावोगाव फिरून खेळत. खेळ बेकायदा होता. कुणी पैसे बुडवले तर कोर्टात जायची सोय नाही, पोलिसांत जायचीही नाही. माणसाचा शब्द हीच हमी. तोंडातून गेलेला शब्द पाळायचा, चिप्स लपवायच्या नाहीत, हरलेल्याने मुकाट्याने पैसे द्यायचे आणि जिंकलेल्याने तोरा मिरवायचा नाही, ही शिस्त अशा वातावरणात पक्की झाली. पुढे कॅसिनोंनी ती लिहून काढली. जगभरच्या खोल्यांत वापरल्या जाणाऱ्या 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर' या नियमावलीचं पहिलं प्रकरणच टेबलावरच्या वागणुकीबद्दल आहे. पत्ते कसे वाटायचे ते नंतर येतं.

गोव्याच्या टेबलावर तर याची गरज आणखी जास्त. स्थानिक गोवेकरांना 2020 पासून या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे, म्हणजे टेबलावर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण बाहेरगावचा पाहुणा असतो. एकमेकांची ओळख नाही, पुन्हा भेट व्हायची खात्री नाही. अशा नऊ अनोळखी माणसांत पैशाचा खेळ तीन-चार तास सुखाने चालायचा तर सगळ्यांना ठाऊक असलेले रिवाज लागतातच.

तुमच्या पत्रात पुढे आणखी काही प्रश्न आहेत. ते एकेक घेऊ.

प्रश्न : हातातले पत्ते फालतू असतील तर पाळी येण्याआधीच टाकून दिले तर काय हरकत? वेळ तर वाचतो.

उत्तर : वेळ वाचतो तुमचा, नुकसान होतं दुसऱ्याचं. तुमच्या आधी ज्याची पाळी आहे तो विचार करत असतो : आपण रेज केलं, म्हणजे रक्कम वाढवली, तर मागचे तिघं काय करतील? तुम्ही पत्ते ढकलून दिलेत की त्याला कळतं, आता दोघांचीच काळजी करायची. त्याला फुकट माहिती मिळते आणि त्याच्याशी लढणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते. उलट बाजूनेही तेच. पाळीआधी 'रेज' म्हणालात तर पुढचे सगळे सावध होतात आणि तुमचेच पैसे बुडतात. म्हणून पाळी येईपर्यंत पत्ते समोर ठेवा, चेहरा साधा ठेवा आणि चिप्सना हात लावू नका. मूठभर चिप्स उचलून पुढे करायचा आव आणणं, समोरच्याचा चेहरा बघणं आणि मग त्या मागे घेणं, हे काही जण मुद्दाम करतात. काही ठिकाणी ते नियमात बसतही असेल, पण चांगला खेळाडू ते करत नाही.

पाळी आल्यावर तोंडाने बोललेला शब्द बंधनकारक असतो. 'कॉल' म्हणालात तर कॉल, 'ऑल-इन' म्हणालात तर सगळं. त्यामुळे पाळी आल्यावर गंमत म्हणूनही हे शब्द उच्चारू नका.

प्रश्न : मी चिप्स लावल्या तेव्हा डीलरने दोनदा मला अडवलं. चूक काय झाली असेल?

उत्तर : बहुधा तीनपैकी एक.

पहिली, एका चिपची. समजा, समोरच्याने 600 लावले आणि तुम्ही न बोलता 5,000 ची एकच चिप पुढे ठेवली. तुमच्या मनात रेज होतं, पण नियमाने तो कॉल ठरतो. डीलर 600 ठेवून उरलेले परत करतो. रेज करायचं असेल तर चिप ठेवण्याआधी बोला : 'रेज, दोन हजार.'

दुसरी, तुकड्यातुकड्याने लावण्याची. सिनेमात नायक म्हणतो, 'तुझे सहाशे घेतो...', मग श्वास घेतो आणि '...आणि वर दोन हजार!' पडद्यावर हे छान दिसतं. खऱ्या टेबलावर पहिल्या वाक्याला कॉल झाला, पुढचं धरत नाहीत. तसंच आधी 600 च्या चिप्स पुढे ठेवायच्या आणि हात मागे नेऊन आणखी आणायच्या, हेही चालत नाही. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. कारण पुन्हा तेच : पहिल्या हालचालीवर समोरच्याचा चेहरा वाचून दुसरी हालचाल ठरवायची मुभा कुणाला नाही. रक्कम आधी बोला किंवा सगळ्या चिप्स एकाच हालचालीत पुढे न्या.

तिसरी, फेकण्याची. तीन पत्तीत आपण नोटा आणि नाणी मध्ये टाकतो, ढीग वाढताना बघून मजा येते. पोकरमध्ये चिप्स थेट मधल्या ढिगात टाकल्या की तुम्ही किती लावले हे कुणालाच मोजता येत नाही. आपल्या पुढ्यात, रेषेच्या पलीकडे, नीट रचून ठेवा. डीलर मोजेल आणि मग मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, ओढेल. 1998 च्या 'राउंडर्स' या सिनेमात टेडी केजीबी हे पात्र दर वेळी चिप्स मुद्दाम पॉटमध्ये उधळतं; त्याचा उर्मटपणा दाखवायला दिग्दर्शकाला तेवढं पुरेसं वाटलं.

याच्याच जोडीला एक गोष्ट. तुमच्या पुढ्यातल्या मोठ्या रकमेच्या चिप्स समोर आणि सगळ्यांना दिसतील अशा ठेवा. दहा हजारांची चिप शंभरच्या चळतीमागे दडली असेल, तर समोरच्याचा समज असतो की तुमच्याकडे तीन हजारच आहेत. तो त्या हिशोबाने ऑल-इन म्हणतो आणि तुम्ही मागून दहा हजार काढता, ही फसवणूक झाली. कुणी 'किती आहेत?' विचारलं तर चिप्सवरचे हात बाजूला घ्या आणि त्याला बघू द्या. आणि डाव सुरू झाल्यावर खिशातून पैसे काढून लावता येत नाहीत. डाव सुरू होताना टेबलावर जेवढं होतं तेवढ्यावरच खेळायचं. हा नियम गरिबाच्या बाजूचा आहे. जास्त पैसेवाला माणूस नुसत्या खिशाच्या जोरावर दुसऱ्याला डावातून हुसकावू शकत नाही, तो त्यामुळेच.

प्रश्न : जिंकणारे पत्ते हातात असताना थोडा वेळ घेऊन, थोडं नाट्य करून दाखवले तर? मजा येते.

उत्तर : हे मात्र कधीही करू नका. पोकरमध्ये याला स्लो रोल म्हणतात आणि टेबलावरच्या वाईट वर्तनांत याचा नंबर फार वरचा लागतो.

काय होतं ते बघा. शेवटचा पत्ता पडलाय. समोरचा माणूस सगळ्या चिप्स पुढे ढकलतो. तुमच्याकडे फुल हाउस आहे, हरण्याची भीती जवळपास शून्य. तुम्ही दोन मिनिटं कपाळाला आठ्या घालून बसता, पत्ते परत परत बघता, सुस्कारा टाकता आणि पडक्या आवाजात 'बरं, कॉल' म्हणता. तो फ्लश उघडतो. तुम्ही मान हलवता, 'छान' म्हणता. त्याचे खांदे सैल होतात, तो चिप्सकडे हात नेतो. मग तुम्ही एक पत्ता उलटता, थांबता आणि दुसरा उलटता. पैसे तर तुम्ही आधीच जिंकला होता. त्या दोन मिनिटांत तुम्हाला एक रुपयाही जास्त मिळाला नाही. त्याला मात्र जिंकल्याचा भास करून देऊन सगळ्यांदेखत तो हिसकावून घेतलात. हरण्याचं दुःख त्याने पत्करलंच होतं. थट्टा त्याने मान्य केली नव्हती.

म्हणून, जिंकण्याजोगे पत्ते असतील तर कॉल म्हणताक्षणी दोन्ही उघडे करा, क्रम कुणाचा असो. एरवी रीत अशी : शेवटच्या फेरीत ज्याने शेवटी बेट किंवा रेज केलं, त्याने आधी दाखवायचे. कुणीच काही लावलं नसेल तर दर डावाला पुढे सरकणाऱ्या डीलर बटणाच्या डावीकडून सुरुवात. 'तू दाखव', 'आधी तू' असं करत बसू नका, सगळ्यांचा वेळ जातो.

इथे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तोंडाने हात चुकीचा सांगू नका. 'फ्लश आहे' म्हणालात आणि समोरच्याने विश्वासाने आपले चांगले पत्ते डीलरकडे ढकलले, तर ते सहसा परत मिळत नाहीत. पत्ते उघडे टाका आणि वाचायचं काम डीलरवर सोडा. तुमच्याही बाबतीत तेच : पॉट तुमच्याकडे सरकवला जाईपर्यंत हातातले पत्ते सोडू नका. दोन, हरलेल्याने पत्ते न दाखवता टाकले तर 'दाखव ना' असा हट्ट धरू नका. बऱ्याच ठिकाणी ते बघायला मागण्याचा हक्क आहे, पण तो दोन खेळाडूंची मिलीभगत असल्याचा संशय असेल तेव्हासाठी ठेवलेला आहे. नुसत्या कुतूहलासाठी तो वापरला की हरलेल्याला आपली चूक चारचौघांत दाखवावी लागते.

प्रश्न : समोरचा अगदीच वेडंवाकडं खेळून जिंकला तर त्याला सांगायचं की नाही? आणि डीलर सारखेच वाईट पत्ते देत असेल तर?

उत्तर : सांगायचं नाही. 'असल्या पत्त्यांवर कुणी कॉल करतं का?' हे वाक्य पोकरच्या खोल्यांत रोज ऐकू येतं आणि रोज कुणाची तरी संध्याकाळ नासवतं. तो माणूस स्वतःच्या पैशाने खेळायला आलाय, तुमच्या शिकवणीला आलेला नाही. व्यवहाराने बघितलं तरी त्यात शहाणपण नाही : चुकीचं खेळणारा माणूस हरकून खेळत राहिला तर पुढेमागे त्याचे पैसे टेबलावरच येणार, ओशाळला तर तो उठून जाईल. पण मला व्यवहारापेक्षा दुसरं कारण मोठं वाटतं. नवख्या माणसाला टेबलावर बसायला मुळातच धीर करावा लागतो. त्याला चारचौघांत मूर्ख ठरवणं हा क्रूरपणा आहे. 'छान खेळलात' म्हणा आणि पुढच्या डावाकडे वळा. टीव्हीवर चिडखोर खेळाडूंना भाव मिळतो हे खरं. 1989 चा विश्वविजेता फिल हेलम्युथ 'पोकर ब्रॅट' हे नाव आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर मिरवतो. कॅमेऱ्यासमोर ते करमणूक म्हणून खपतं. तुमच्या शेजारी बसून कुणी तेच केलं तर तासाभरात टेबल रिकामं होतं.

डीलरबद्दल तर बोलायलाच नको. पत्ते पिसतो म्हणून तुमचं नशीब तो वाटत नाही. तरीही हरलेले लोक त्याच्या अंगावर पत्ते भिरकावतात, वाट्टेल ते बोलतात आणि त्याला उलट उत्तर द्यायची मुभा नसते. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर राग काढणं कुठल्याही टेबलावर हलकंच. त्याची खरी चूक झाली तर शांतपणे लगेच सांगा. मिटलं नाही तर फ्लोअर मॅनेजरला बोलवा आणि त्याचा निर्णय माना. टिपेची सक्ती नसते. लास वेगासमध्ये डीलरच्या कमाईचा मोठा भाग टिपेतून येतो, म्हणून तिथे पॉट जिंकल्यावर एखादी चिप पुढे सरकवायची रीत आहे. आपल्याकडे त्या जागेची पद्धत काय ते आधीच विचारून घ्या.

वेळेचंही सांगतो. भरलेल्या टेबलावर तासाला साधारण 25 ते 30 डाव होतात, म्हणजे डावाला दोन-सव्वादोन मिनिटं. मोठ्या निर्णयाला हवा तेवढा वेळ घ्या, कुणी काही म्हणणार नाही. पण दर साध्या फोल्डला अर्धा मिनिट लावलं, पाळी आल्यावर मोबाइलमधून मान वर काढली, तर बाकी आठ जणांचा खेळ तुम्ही खाता.

प्रश्न : आम्ही मित्र एकाच टेबलावर बसलो होतो. आपसांत मराठीत गप्पा मारत होतो, तेही कुणाला आवडलं नाही. भाषेवरून आकस म्हणायचा का?

उत्तर : आकस नव्हे. विलायतेत आणि अमेरिकेत बहुतेक पोकर खोल्यांत नियमच असतो : डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोला. तिथे दोन स्पॅनिश भाषक आपसांत बोलले तरी डीलर थांबवतो. कारण सोपं आहे. तुम्ही दोघं जेवायला कुठे जायचं ते ठरवत असाल, पण समोरच्या हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या माणसाला वाटतं, हे एकमेकांना पत्ते सांगतायत. त्याला तसं वाटू नये ही जबाबदारी तुमची. डाव संपला की मराठीत मनसोक्त बोला. पत्ते वाटायला लागले की सगळ्यांना कळेल त्या भाषेत बोला किंवा गप्प राहा.

मित्रांबाबत भाषेपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. मित्र समोर असला की हात आखडता घेणं, चांगले पत्ते असूनही 'जाऊ दे, आपलाच आहे' म्हणून चेक करत जाणं. तुम्हाला हा मोठेपणा वाटतो. पण त्याच डावात तिसऱ्या माणसाने पैसे लावलेत, आणि त्याच्याशी मात्र तुम्ही दोघंही पूर्ण ताकदीने लढता. तो एकटा दोघांशी खेळतोय हे त्याला माहीतच नाही. नियमावल्यांत याला सरळ फसवणूक म्हटलंय. मित्राशीही तितकंच कसून खेळा, नाहीतर वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

प्रश्न : आता घरीच मित्रांबरोबर पोकर सुरू करावं म्हणतो. शेवटचा प्रश्न : जिंकत असताना उठून गेलेलं चालतं का, आणि हरलेल्या मित्राला खेळायला उसने द्यावेत का?

उत्तर : घरच्या खेळाबद्दल आधी कायद्याचं. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. पैसे लावून खेळलात आणि त्यातून घरमालकाने कट घेतला, तर त्या घरावर जुगाराच्या अड्ड्याची कारवाई होऊ शकते. माझा सल्ला : घरी नुसत्या चिप्सवर खेळा, पैशांविना. वर सांगितलेलं सगळं तिथेही शिकता येतं आणि मैत्रीही टिकते.

कॅसिनोत जिंकत असताना उठायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे. मोठा पॉट मारून दुसऱ्याच मिनिटाला चालते झालात तर लोक नाराज होतात, म्हणून 'अजून एक फेरी खेळून निघतो' असं आधी सांगणं बरं. पण जिंकलेल्या चिप्स गुपचूप खिशात घालून उरलेल्यावर खेळत राहणं मात्र मना आहे. ज्यांनी त्या हरल्या त्यांना त्या परत जिंकायची संधी असली पाहिजे. पूर्ण उठायचं तर सगळं घेऊन उठा.

हरणाऱ्याचं सगळ्यात शेवटी घेतो, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उसने देऊ नका, मागू नका आणि 'अजून एकदा बस, निघेल भरून' असं कुणालाही म्हणू नका. महाभारतातलं द्यूत आठवा. युधिष्ठिर सर्वस्व हरून बसला होता, आणि आता पणाला लावायला काय उरलंय याची आठवण त्याला करून दिली ती शकुनीने. पुढचं सगळं त्या एका आठवणीतून घडलं. टेबलावरचा मित्र शकुनी नसतो, त्याच्या मनात प्रेमच असतं. पण हरलेल्या माणसाच्या कानावर ते वाक्य पडलं की परिणाम तोच होतो. त्याच्या खिशात उरलेले पैसे घरभाड्याचे आहेत की मुलीच्या फीचे, हे टेबलावरच्या कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून बोटीवर चढण्याआधी मित्रांनी मिळून दोन गोष्टी ठरवा : प्रत्येकाने किती हरलं की थांबायचं, आणि किती वाजता सगळ्यांनीच उठायचं. ती वेळ झाली की जिंकणाऱ्याने आधी उठायचं, म्हणजे हरलेल्याला एकट्याने उठावं लागत नाही. आणि तो वेळेआधीच उठला तर कारण विचारू नका. खुर्ची मागे सरकवायला जागा द्या आणि त्याच्याबरोबर बाहेर जा.